तिवरांतून आलेली

ज्या वर्षी माझा नवरा समुद्रावरून परतला नाही, त्या वर्षी मी संत अंतोनाकडे काही मागणं बंद केलं. हरवलेलं सापडावं म्हणून आमच्या पाचूबंदरात सगळे त्याच्याकडेच जातात. कानातलं पडलं, शेळी चुकली, परगावी गेलेल्या मुलाची खबर येईना, की मंगळवारी जाऊन मेणबत्ती लावायची. मीही लावल्या. मेणबत्त्या जळून संपत होत्या आणि इनासचा पत्ता लागत नव्हता. मग एका मंगळवारी मी घराबाहेर पडलेच नाही. राग आला होता असं नाही. रागवायलासुद्धा समोर कुणीतरी असावं लागतं, आणि समोर कुणी आहे असंच मला वाटेनासं झालं होतं.

पावसाळा सरल्यावर आश्विनात जे वादळ आलं, त्यात हे घडलं. तेव्हा आमच्याकडे मोजक्याच होड्यांना यंत्रं बसली होती. इनासची होडी वल्ह्याशिडाचीच. आभाळ फिरलेलं बघून, खाडीच्या तोंडाशी लावलेलं जाळं काढून आणतो म्हणाला आणि दुपारच्या ओहोटीला एकटाच गेला. शेजारच्या घरात राहणारा माझा धाकटा दीर पेद्रू तापाने फणफणला होता, नाहीतर तोही बरोबर असता. तासाभरात वारा सुटला. दुसऱ्या दिवशी होडी किल्ल्याच्या बाजूला पालथी सापडली. जाळं नव्हतं आणि इनासही नव्हता.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राचं घेणं नवीन नसतं. पण समुद्र बहुतेकदा माणूस परत देतो. कसाही देतो, पण देतो. मग चर्चमध्ये मिस्सा होते, माती देता येते, बायका चार दिवस येऊन बसतात. आमच्या घरी यातलं काहीच झालं नाही. माझी सासू, जिला आम्ही सगळे आय म्हणायचो, रोज संध्याकाळी इनासचं ताट वाढून ठेवायची. आमच्या चर्चचे फादर एकदा घरी आले. देह मिळाला नाही तरी मृतासाठी मिस्सा सांगता येते, असं त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. आय उभी राहिली आणि म्हणाली, "जित्या मानसाची मिस्सा सांगता काय, फादर?" फादर उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मी बायको होते की विधवा, हेच मला ठाऊक नव्हतं. शेजारणीही माझ्याशी बोलताना वाक्य अर्धं सोडायच्या.

नाताळ त्या वर्षी आमच्या घरात आला नाही. नाताळ उलटून गेल्यावर एका सकाळी सिस्टर क्लारा टांग्यातून आमच्या दारात उतरल्या. चर्चजवळचा दवाखाना त्या चालवायच्या, आणि औषधांची पिशवी घेऊन खाडीकाठच्या, मिठागरांकडच्या गावांनाही जायच्या. त्यांच्या हातात गोणपाटाचं बोचकं होतं. बोचक्यातून एक लांबट तोंड बाहेर आलेलं होतं, मातकट रंगाचं, डोळे मिटलेलं.

"महिनाभर ठेव हिला," सिस्टर म्हणाल्या. "जूचंद्रला मिठागराच्या बांधावर पडली होती. कॉन्व्हेंटात कुत्रं ठेवू देत नाहीत. पाय सांधला की मी हिच्यासाठी घर बघते."

"सिस्टर, आमच्या घराची काय दशा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तुझे हात रिकामे आहेत, तेही ठाऊक आहे."

ते खरं होतं. जाळी विणणं आणि सांधणं हेच माझं काम, आणि आमच्या घरात आता सांधायला जाळं उरलं नव्हतं. मी गोणपाट उलगडला. कुत्री तरुण होती, पण हाडांचा सापळा झाली होती. मागचा एक पाय मोडला होता. मानेभोवती आणि त्याच पायावर दोर रुतून मांस उघडं पडलं होतं. सिस्टरांनी जखमा धुऊन बांबूच्या काड्यांत पाय बांधला होता. मला लाल औषधाची पुडी देऊन, ती पाण्यात कालवून जखम रोज कशी धुवायची ते त्यांनी सांगितलं. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"हे तिच्या अंगात रुतलं होतं. जाळ्याचं आहे ना?"

हातभर जाळ्याचा तुकडा होता. मी तो उजेडात धरला. मी डावखुरी आहे. माझी गाठ उलटी पडते, त्यावरून लग्नानंतर वर्षभर सगळ्या आळीने माझी चेष्टा केली होती. शिवाय त्या श्रावणात पांढरं सूत संपलं म्हणून मी मोठं भोक निळ्या सुताने सांधलं होतं. हातातल्या तुकड्यात निळं सूत होतं आणि प्रत्येक गाठ उलटी होती.

सिस्टर पुढे बोलत होत्या. "टोकं बघ. तुटलेली नाहीत. कुणीतरी सुरीने कापून हिला मोकळं केलंय. मिठागरात सगळ्यांना विचारलं, कुणीच हो म्हणेना. ज्याने एवढं केलं त्याने तिला तशीच टाकून का जावं?"

"जखमा कधीच्या आहेत?" मी विचारलं.

"ताज्या होत्या. फार तर दोन दिवसांच्या."

मी तो तुकडा पदराखाली घेतला. आयला काही सांगितलं नाही. आशेवर जगणाऱ्या माणसाच्या हातात असला तुकडा कसा द्यायचा? पेद्रूला मात्र दाखवला. त्याने तो बराच वेळ बोटांत फिरवला आणि दुसऱ्या दिवशी होडी घेऊन खाडीत आत गेला. पुढचे कितीतरी दिवस तो जात राहिला. पण रेल्वेचा पूल ओलांडून आत गेलं की खाडीला इतके फाटे फुटतात की मोजता येत नाहीत. दोन्ही बाजूंना तिवरांचं रान. भरतीला सगळं सारखंच दिसतं आणि ओहोटीला होडी गाळात बसते. तो रोज चिखलाने माखून यायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि अंग धुवायला जायचा.

कुत्रीला मी नाव दिलं नाही. महिन्याभराने जायची, मग नाव कशाला? आयला तर ती घरात नकोच होती. पहिल्याच दिवशी मी तिला पडवीत पोत्यावर ठेवली होती. थोड्या वेळाने बघते तर ती तीन पायांवर स्वतःला ओढत घरात आलेली. पाण्याकडे गेली नाही, चुलीजवळच्या भाताकडे गेली नाही. भिंतीला खुंटीवर इनासचा सदरा टांगलेला होता, तो गेल्यापासून आयने कुणाला हलवू दिला नव्हता. त्याच्याखाली जाऊन तिने मान वर केली, शेपूट एकदा जमिनीवर आपटलं आणि तिथेच अंग टाकून झोपली. आय तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिने मला विचारलं नाही की ही इथेच का आली, आणि तिला हाकललीही नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी जसं पाहिलं तसंच लिहिते.

दिवे लागले की आम्ही घरातल्या आल्तारावरच्या क्रुसासमोर बसून, माळ ओढत रोजरीची प्रार्थना म्हणायचो. माझे फक्त ओठ हलायचे. कुत्री सदऱ्याखाली झोपलेली असायची. प्रार्थना संपत आली की ती डोळे उघडायची. मग उठून बसायची, कान उभे करायची आणि उघड्या दाराकडे बघायची. बाहेर कुणी नसायचं. पण तिची नजर दारावरून सरकत घरात यायची, सावकाश, माणूस चालत आत यावा तशी. चुलीवरून जायची, आमच्या दोघींच्या मागून जायची आणि वाढून ठेवलेल्या ताटापाशी थांबायची. तिचं शेपूट हळूहळू हलत राहायचं. मग ती पुन्हा डोकं पंज्यांवर टेकून झोपायची.

पहिल्या दिवशी वाटलं, पाल असेल. दुसऱ्या दिवशी मी मागे वळून पाहिलं नाही, कारण तिची नजर नेमकी माझ्या खांद्यामागे होती आणि मानेवर गार वारा लागत होता. दार तर समोर होतं. मग ते रोजचंच झालं. मला भीती वाटायची, पण ती ओरडून पळावं अशी नव्हती. आजारी माणसाच्या खोलीत आपण पाय न वाजवता चालतो, तसं काहीतरी व्हायचं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की आय रोजरीला बसताना थोडी सरकून बसते. ताट आणि तिच्यामध्ये एका माणसाची वाट मोकळी सोडते.

कुत्रीच्या जखमा भरत होत्या. रोज सकाळी मी तिला धुवायचे, तेव्हा ती माझ्या मनगटावर हनुवटी ठेवून पडून राहायची. दुखलं तर फक्त डोळे बारीक करायची. कितीतरी दिवसांनी कुणाचं तरी वजन माझ्या हातावर होतं. त्या कामात माझ्या तोंडून एकदा चक्क गाणं निघालं आणि मी दचकून गप्प झाले.

उपवासकाळ सुरू झाला तो आठवडा असेल. राखेचा बुधवार होऊन गेला होता. पायाच्या काड्या काढल्या होत्या, कुत्री लंगडत चालायला लागली होती. त्या संध्याकाळी नेहमीसारखं झालं. ती उठली, दाराकडे बघितलं, नजर फिरत फिरत ताटापाशी आली. आयने माळ खाली ठेवली. ती बराच वेळ कुत्रीकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली,

"तो जिता नाय गो."



"जिता असता तं मलाबी दिसला असता. माजा पोर घरात येतो, जेवनापाशी बसतो, आनि मला दिसत नाय. हिला दिसतो." तिने ताट उचललं, पण आत नेलं नाही; मांडीवर धरून बसली. "त्याला अजून पानी लागतंय अंगाला. ही आली तेच्याकडनंच आली. तुला म्हाईत हाय. तू सांगली नायस."

मी उठून कागदातला तुकडा तिच्या हातात दिला. तिने निळ्या सुतावरून अंगठा फिरवला. तिलाही माझी गाठ ओळखता येत होतीच.

"सकालच्या भरतीला जाव," ती म्हणाली. "हिला घेव. मी पन येते."

सकाळी खाडीवर इतकं धुकं होतं की होडीचं एक टोक दुसऱ्या टोकावरून दिसत नव्हतं. पेद्रू वल्ही मारत होता, आय मध्ये बसली होती, मी कुत्रीला धरून पुढे. भरती आम्हाला आत ओढून नेत होती. पुलाखालून जाताना डोक्यावरून गाडी गेली. फक्त आवाज, गाडी दिसली नाही. त्यानंतर आवाजसुद्धा संपले. वल्ह्याचं पाणी टपकायचं तेवढंच. कुत्री नाक वर करून थरथरत होती. पेद्रू एका फाट्यात वळला की ती कण्हायची, आणि तो परत फिरला की गप्प व्हायची. अशा रीतीने आम्ही कुठे आलो होतो ते पेद्रूलाही सांगता आलं नसतं. शेवटी एका जागी तिवरं इतकी जवळ आली की फांद्या होडीला घासू लागल्या. पाणी संपलं असं वाटलं. कुत्री पुढे बघून रडत होती आणि पुढे वाट नव्हती.

"भाबी, नाय जमत," पेद्रू म्हणाला. "अडाकलो तं हितंच ऱ्हाव."

तेवढ्यात हाक आली. "हिकडनं या. हिकडं पानी हाय."

उजव्या बाजूला, धुक्यात कमरेपर्यंत बुडालेला एक माणूस बांधावर उभा होता. डोक्याला फडकं बांधलेलं, हात एका दिशेला लांब केलेला. चेहरा मला दिसला नाही. पेद्रूने विचारलं, "कोन हाय?" उत्तर आलं नाही, हात मात्र तसाच होता. पेद्रूने होडी तिकडे वळवली. फांद्यांच्या आड खरोखरच पाण्याची एक अरुंद वाट होती. मी मागे वळून पाहिलं तेव्हा बांध धुक्यात गेला होता.

ती वाट जिथे संपली तिथे कुत्रीने उडी मारली.

पुढचं मी फार लिहिणार नाही. आमचं जाळं तिवरांच्या मुळांत सगळीकडून गुरफटलं होतं आणि जाळ्यात इनास होता. म्हणजे जे उरलं होतं ते. लहानपणी पहिल्या कम्युनियनला आयने त्याच्या गळ्यात घातलेलं चांदीचं पदक तिथेच होतं. एके ठिकाणी जाळं कापलेलं होतं, कुत्री ज्यात अडकली असेल तिथे. जवळच चिखलात त्याची सुरी पडली होती. पेद्रूने ती उचलली. गंजून तिचा पापुद्रा झाला होता, धरायला गेल्यावर पातं बोटात चुरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. असल्या पात्याने साधं सूतही कापलं गेलं नसतं.

पण माझी नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. त्याच्या कुशीपाशी, भरतीचं पाणी चढणार नाही एवढ्या उंचीवर, चिखल दबून एक खळगा झाला होता. गोल, गुळगुळीत, मातकट केसांनी भरलेला. कुत्री लंगडत गेली, त्या खळग्यात एकदा गोल फिरली आणि बसली. तिला तो बरोबर मावत होता. ती त्याच्याजवळ किती दिवस झोपली होती, कुणास ठाऊक. इतके महिने मी जी एकच गोष्ट मनात आणू शकत नव्हते ती ही होती, की तो एकटा आहे. तो एकटा नव्हता.

आय गुडघाभर चिखलात उतरली. पेद्रू धरायला गेला तर तिने त्याचा हात झटकला. आपल्या डोक्यावरचा पदर सोडून तिने त्याच्यावर पांघरला आणि म्हणाली, "चल रे पोरा. घरी चल."

पोलीस आले, पंचनामा झाला. जूचंद्रची माणसं मदतीला आली होती, त्यांना मी बांधावरच्या माणसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, तो बांध वादळात फुटला तेव्हापासून तिकडचं मिठागर पडून आहे, कामाला कुणी जात नाही. एक म्हातारा म्हणाला, खेकडे धरायला कुणी गेलं असेल. असेलही. सुरीने जाळं कापणारा तोच असेल. मी पुष्कळ दिवस ते जुळवत बसले आणि मग सोडून दिलं. फादरना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनीही अर्थ लावला नाही. एवढंच म्हणाले, "मुली, तुला वाट दाखवली गेली. कुणी दाखवली ते त्याच्यावर सोड."

मिस्सेला सगळं पाचूबंदर आलं होतं. शवपेटी खाली उतरली, मी मूठभर माती टाकली आणि इनास गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. बायकांनी मला धरलं. आता त्यांना माझ्याशी काय बोलायचं ते कळत होतं, मलाही काय ऐकायचं ते कळत होतं. त्या संध्याकाळी आयने आमच्या दोघींचीच ताटं वाढली. रोजरी झाली. मी कुत्रीकडे बघत होते. ती झोपलेली होती. आम्ही उठलो तरी ती उठली नाही. तिची नजर त्यानंतर कधीच दारावरून घरात आली नाही. आणि खरं सांगते, त्या रात्रीपासून घर मला फार रिकामं वाटलं, पण ते आमचं घर वाटलं.

ईस्टर झाल्यावर सिस्टर आल्या. उमेळ्याला एका निवृत्त मास्तरांची वाडी होती, केळी, नारळ, मोकळी जागा; ते कुत्री न्यायला तयार होते. "चांगलं घर आहे," सिस्टर मला म्हणाल्या. मी हो म्हणायच्या बेतात होते. ठरलंच तसं होतं. आय कोपऱ्यात बसून मासळी साफ करत होती. ती मान वर न करता म्हणाली,

"मास्तरांना सांगा, दुसरी बघा."

"आय, तुम्हालाच तर कुत्रं नको होतं," सिस्टर हसून म्हणाल्या.

"कुत्रं नकोच हाय मला." तिने एक डोकं कापून बाजूला टाकलं आणि हाक मारली, "ये बाय, ये."

बाय म्हणजे आमच्याकडे घरातल्या लेकीला मारायची हाक. कुत्री उठली, लंगडत गेली आणि मासळीचं डोकं तोंडात घेऊन आयच्या पायाला टेकून बसली. तेच तिचं नाव झालं.

बाय आमच्याकडे म्हातारी झाली. भुंकायची, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे धावायची, टांग्याच्या घोड्याला घाबरून पलंगाखाली शिरायची. चारचौघांच्या कुत्र्यासारखी कुत्री. आयच्या शेवटच्या आजारात ती खाटेखालून हलली नाही. नंतर तीही गेली, झोपेत, सकाळच्या उन्हात. पेद्रूने तिला घरामागे पुरलं.

लोक मला विचारतात, तुझी प्रार्थना ऐकली गेली असं तुला वाटतं का? मी नवरा परत मागितला होता. मला त्याची हाडं मिळाली आणि एक लंगडी कुत्री मिळाली. तेव्हाच कुणी मला सांगितलं असतं की हीच कृपा आहे, तर मी त्याला दारातून घालवून दिलं असतं. आज मात्र देवाचे आभार मानताना माझी जीभ अडखळत नाही. त्याने माझ्या माणसाजवळ कुणालातरी बसवून ठेवलं, आणि मग तिलाच माझ्याकडे पाठवलं. जाळं कुणी कापलं, बांधावर कोण उभं होतं, संध्याकाळी घरात कोण येत होतं, यातलं मला आजही काही ठाऊक नाही. जे कळत नाही ते रोज रात्री त्याच्या हाती ठेवते आणि अंथरुणाला पाठ टेकते. मला झोप लागते.